आक्का, रस्ता तर झाला

आक्का,

तुझ्या शोकसभेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले नाही. तुझ्या संघटनेतल्या प्रकाशने माईकवरून पुन्हा एकदा नाव घेतलं, मग पुढच्या वक्त्याला बोलावलं. लोकांना वाटलं असेल, रंजनाला रडू आवरत नाही. तसं काही नव्हतं. रडायचं ते दवाखान्यातच रडून झालं होतं. माईकसमोर उभी राहिले तर तोंडून एकतर सगळं येईल नाहीतर काहीच येणार नाही, एवढंच मला कळत होतं. आणि विहाराचा हॉल गच्च भरला होता. तुझ्या फोटोला घातलेल्या हारांमुळे तुझा चेहरासुद्धा दिसत नव्हता. त्या गर्दीत आपलं भांडण कुठं काढायचं?

वक्ते चांगलं बोलले. तू किती मोर्चे काढलेस, किती वेळा आत गेलीस, कोणाच्या तोंडावर काय बोललीस, सगळं सांगितलं. शेवटी ठरलं की दर वर्षी तुझ्या नावानं सेवा सप्ताह करायचा. रक्तदान, सिव्हिलमध्ये फळवाटप आणि त्याचे बॅनर. मी खाली बघत होते. तुझ्या साठीला पोरांनी केळ्यांचे घड आणले होते ते आठवलं. तू त्यांना सिव्हिलच्या दारातच अडवलंस. म्हणालीस, "केळं देऊन फोटो काढणार, आणि बाई तिथंच पडून राहणार. त्यापेक्षा तिच्यासोबत एक्स-रेच्या रांगेत उभे राहा." पोरं हिरमुसली. पण दोघं-तिघं खरंच उभे राहिले. केळी तू त्यांनाच खायला लावलीस.

तुझं काम म्हणजे हेच होतं गं. पेपरात मोर्चा छापून यायचा, पण तू रोज करायचीस ते वेगळंच. कुणाला पोलीस स्टेशनात जायची भीती वाटते, कुणाला डॉक्टर काय बोलला ते कळत नाही, कुणाला कचेरीतला शिपाई दारातून हाकलतो. तू नुसती त्यांच्यासोबत जायचीस. बऱ्याचदा तोंडही उघडायची नाहीस. पिशवीतले फुटाणे खात बाकावर बसून राहायचीस. तुझ्याकडे बघून साहेब लोक आवाज खाली आणायचे. हे सगळं मी तुझ्याकडून शिकले, आणि तरी तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला मला उठवेना. कारण तुझ्याबद्दल बोलायचं म्हटलं की मला माझ्या बापापासून सुरुवात करावी लागते.

मी तेव्हा कॉलेजात होते. श्रावणात अण्णा गेले. द्राक्षपट्ट्यातलं आमचं गाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं नंतर. आमच्या वस्तीची स्मशानभूमी ओढ्याच्या वरच्या अंगाला, आणि तिथं जायची वाट एका बागायतदाराच्या रानातून. आजोबा-पणजोबांपासून त्याच वाटेनं आमचे लोक गेले. त्या वर्षी त्यानं नवी बाग लावली, तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं. तिरडी फाटकापाशी थांबली. तो म्हणाला, ओढ्यातून न्या. ओढा छातीइतका वाहत होता.

तिरडी परत घरापुढे आणली. चुलते म्हणाले, आपल्या बांधावरच देऊ अग्नी. आई मान हलवून हो म्हणाली. मला ते नीट आठवतं, कारण अण्णा गेल्यापासून तिनं पहिल्यांदा कशाला तरी उत्तर दिलं होतं. सरपण तिकडे न्यायलाही लागले. तेवढ्यात तू आलीस. कुणीतरी नाशिकला फोन केला होता. चिखलानं भरलेल्या चपला तू उंबऱ्याबाहेर काढल्यास, अण्णांच्या पाया पडलीस आणि बाहेर येऊन माणसांना म्हणालीस, "आज बांधावर जाळलंत तर उद्यापासून सगळ्यांना बांधावरच जाळावं लागेल. आणि ज्याला बांधच नाही, त्यानं कुठं जायचं?"

वस्तीत बांध असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. तू म्हणत होतीस त्यात एक शब्द खोटा नव्हता. माणसं आपसात बोलली, ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत ताडपत्री अंथरली आणि अण्णांना घेऊन सगळे तालुक्याच्या कचेरीकडे निघाले. आईला कोणी विचारलं नाही. तूही नाही. ती आपली आपण ट्रॉलीत चढून अण्णांच्या उशाशी बसली.

पुढचं तुला माहीत आहे. फक्त तू बसली होतीस कचेरीच्या पायऱ्यांवर, आणि आम्ही ट्रॉलीत. तिथून दिसतं ते वेगळं असतं, आक्का. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्याचं पाणी आईच्या लुगड्याखालून वाहत होतं. वास मारू नये म्हणून कोणीतरी अगरबत्त्यांचे पुडेच्या पुडे लावले. त्यानंतर आईनं घरात कधी अगरबत्ती लावली नाही, मला लावू दिली नाही. एक फोटोवाला ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन चढला आणि आईला म्हणाला, मावशी, जरा पदर बाजूला घ्या. लोक भाषण करायला येत होते. ज्यांनी अण्णांना कधी पाहिलंही नव्हतं, ते त्यांचं नाव घेऊन मुठी आवळत होते. दुसऱ्या दिवशी पावसाची झड थांबली तेव्हा आत बोलावणं आलं. संध्याकाळी पोलीस बंदोबस्तात कुलूप काढलं आणि अण्णा त्यांच्या बापाच्या वाटेनं गेले. तोपर्यंत त्यांचा चेहरा उघडायची सोय राहिली नव्हती. आईनं शेवटचं तोंड पाहिलं ते घरापुढेच.

रस्ता झाला. आता तर तिथं खडी आहे, डांबर आहे. चुलते त्याच रस्त्यानं गेले, चुलतीही गेली. वस्तीतली पोरं सायकली फिरवतात. जयंतीला रस्त्याच्या तोंडाशी निळे झेंडे लागतात. मी कधी गेले की त्या वळणावर आधी फाटकाची जागा बघते.

तू त्या संध्याकाळी घोषणा दिल्यास, घसा बसेपर्यंत. मी तुझ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई पुन्हा आमच्या दारात नको.

आणि पुढच्याच आठवड्यात तू दारात. बाजाराच्या दिवशी एस.टी.नं आलीस. आईला म्हणालीस, "वहिनी, भाकरी आहे का?" जेवलीस, वट्ट्यावर बसलीस, आईबरोबर शेंगा फोडल्यास आणि परतीच्या बसनं गेलीस. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. आईच्या पेन्शनसाठी किती खेटे घातलेस. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात तिच्या कॉटपाशी खाली सतरंजीवर झोपलीस. मला डी.एड.ला घातलंस, होस्टेलवर आणून सोडलंस. मी तुझ्याशी बोलत नसे. तू हे लक्षात आल्याचं दाखवतही नसायचीस. "रंजना, ही पिशवी धर," म्हणायचीस आणि पुढे चालू लागायचीस. पिशवी धरता धरता कधी मी तुझ्यामागे कचेऱ्या चढायला लागले, मलाच कळलं नाही.

नोकरी लागल्यावर मी आईला घेऊन नाशिकला इंदिरानगरात आले. तू तिथंही यायचीस. माझ्या संसारात, पोरांच्या आजारपणात, नवऱ्याच्या बदल्यांत तू होतीसच. तुझ्याइतकं मला कोणी रागावलं नाही आणि तुझ्याइतकं माझ्या हातचं कोणी खाल्लं नाही. माणसाला दुसरी आई मिळते म्हणतात, तसं काहीतरी. पण त्या दुसऱ्या आईनं पहिलीचं काय केलं होतं, हे मी विसरू शकत नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मी त्यात कशी जगले, तुला कधी सांगितलं नाही.

एकदा सांगायला गेले. आपण कुठल्याशा सभेहून परत येत होतो, सीबीएस बसस्टँडवर उभ्या होतो. मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी आईला विचारायला हवं होतं." तू माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "बस आली." आणि खरंच आली होती. तू चढलीस, जागा धरलीस, मला हाक मारलीस. रस्ताभर तू दुसऱ्याच कुणाच्या जातपडताळणीबद्दल बोलत होतीस.

शेवटच्या महिन्यात डायलिसिसला मी तुझ्याजवळ बसत असे. हात सुजलेला, तोंडाची चव गेलेली. एका दुपारी तू डोळे मिटूनच म्हणालीस, "रंजना, तुझ्या आईला..." मी खुर्ची पुढे ओढली. तू थांबलीस. मशीनचा आवाज येत होता. मग म्हणालीस, "तुझ्या आईला म्हणावं, भाकरीत मीठ कमी घाल. तिलाही बीपी आहे." मी हो म्हटलं. त्यानंतर तू फार बोलली नाहीस.

तू रात्री गेलीस. सकाळी आई माझ्याआधी तयार होऊन बसली होती. पांढरं पातळ नेसून. गुडघ्यांनी ती खोलीबाहेर पडत नाही, पण म्हणाली, "मला ने." तुझ्या घरी तिला तुझ्या उशाशी जागा दिली. तिनं तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि हात तिथंच ठेवून बसली. माणसं येत होती, वंदना चालू होती, ती हलली नाही.

दुपारी बाहेर अंगणात बोलणं सुरू झालं. तुझा मिलिंद पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आला होता. प्रकाश त्याला बाजूला घेऊन म्हणाला, आक्काला थेट कलेक्टरच्या मोठ्या कचेरीवर नेऊ. हरसूलच्या पुढच्या पाड्यावर स्मशानाला शेड नाही, पावसात लोकांचे हाल होतात, त्यांच्यासाठी आक्का शेवटचं वर्षभर भांडत होती. आज सगळे पेपरवाले आहेत. तिथं दोन तास ठेवू. आश्वासन घेऊ आणि मग अमरधाम स्मशानात नेऊ.

मिलिंद म्हणाला, "प्रकाशदादा, माझी आई आहे ती. तिला आता निजू द्या."

प्रकाशचा आवाज चढला नाही. तो रडत होता. तो म्हणाला, "ती आधी आमची आहे. तू विचार कर, तिनं काय केलं असतं?"

आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कारण तू काय केलं असतंस, याचं उत्तर त्या अंगणात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तू पटकन ट्रॅक्टर बोलावला असतास. तुझ्या स्वतःच्या प्रेतासाठी तर अजून पटकन. मला माहीत होतं. आक्का, मला शंभर टक्के माहीत होतं.

मी म्हटलं, "मिलिंदला विचारा. आमच्या वेळी आम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

प्रकाशनं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला टेकून उभा राहिला. मिलिंदनं नाही म्हटलं. तासाभरात आम्ही तुला अमरधामला नेलं. गर्दी होती, घोषणा होत्या, सगळं नीट झालं. एवढं नीट की मला भीती वाटली.

परत येताना रिक्षात आईनं विचारलं, "तू मघाशी बोललीस ते माझ्या नावानं बोललीस का तुझ्या?"

मी म्हटलं, आई, दोघींच्या.

"माझ्या नावानं बोलायचं तर मला इचारायचं," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत बसली.

बघ. वीस-बावीस वर्षं जे मी तुला ऐकवणार होते, ते तिनं मला ऐकवलं.

प्रकाश माझ्याशी बोलेनासा झाला. शोकसभेत नाव पुकारलं ते रिवाज म्हणून. मग पाऊस लागला. एका सकाळी शाळेत परिपाठ चालू असताना त्याचा फोन आला. म्हणाला, पाड्यावर एक म्हातारी गेली. पावसात चिता पेटेना. माणसांनी पत्रे डोक्यावर धरून उभं राहून तिला जाळली. "आक्काला नेलं असतं तर या पावसाळ्याच्या आत शेड झाली असती, ताई. झाली असतीच असं नाही म्हणत. पण झाली असती." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मी वर्गात गेले आणि पोरांना वाचायला दिलं. मला शिकवता येईना. त्याचं म्हणणं खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं. तुझ्या त्या बांधाच्या प्रश्नासारखंच होतं ते. मिलिंदला आईला निजू द्यायचं होतं, ते बरोबर. आणि त्या पावसात पत्रे धरून उभी राहिलेली माणसं, तीही खरी. तुला हे दोन्ही एकाच वेळी दिसत असेल का गं, त्या पायऱ्यांवर बसली होतीस तेव्हा? की तू एकीकडे पाठ करून बसली होतीस?

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मी हरसूलची बस धरली. तिथं बाजार भरला होता. भेळभत्त्याच्या दुकानात पाड्याची वाट विचारली, तर त्याच पाड्याचा एक गडी भेटला. जीपनं काही अंतर, मग चिखलातून पायी. मी कोण, कशाला आले, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, आक्काकडून आले. त्यावर कोणी काही विचारलं नाही. घोंगडी अंथरली, काळा चहा दिला.

गेली ती सोमाबाबांची बायको. भागी तिचं नाव. बाबा दाराशी बसले होते, दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. पत्रा तापला तरी त्यांनी सोडला नव्हता. पोरं म्हणत होती, बाबा, तुम्ही बाजूला व्हा, पण ते हलले नाहीत. तळहातांना पाला वाटून लावला होता. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, जाऊ सावकाश.

मी त्यांना तुझं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की आक्का गेली, आणि तिच्या प्रेताला कचेरीवर न्यायचं चाललं होतं तुमच्या शेडसाठी, आणि मी नको म्हटलं. ते मला सांगायलाच हवं होतं असं वाटलं. न सांगता त्यांचा चहा घशाखाली उतरला नसता.

सोमाबाबांनी ऐकून घेतलं. घरातून धूर बाहेर येत होता. मग ते म्हणाले, "माला ने. मी मेलो की माला ने तिथं. मी आताच सांगतो, पोरांपुढं सांगतो. मंग तुला कुनाला इचारावं लागनार नाय."

त्यांचा थोरला मुलगा तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

आक्का, तुझ्याकडे अशा वेळी उत्तर तयार असायचं. मी तुझी आठवण काढली. मग माझ्या तोंडून निघालं, "मेल्यावर कशाला, बाबा? सोमवारी चला."

ते हसले. एवढ्या दिवसांत हसले नसावेत, कारण मुलानं चमकून वर पाहिलं.

सोमवारी मी रजा टाकली. पाड्यावरची आठ-दहा माणसं आली, बाया जास्त. आधी सोमाबाबांचे हात दाखवून पट्टी करून घेतली. मग नाशिकच्या त्याच मोठ्या कचेरीच्या व्हरांड्यात बसलो. शिपायानं उठवायचा प्रयत्न केला. मी फुटाण्याची पुडी उघडली आणि सगळ्यांना वाटली. जेवणाची सुट्टी झाली, सुट्टी संपली. फाटकातून प्रकाश आत येताना दिसला. त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. तो माझ्याशी बोलला नाही. बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला आणि भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. फोन खिशातून काढला नाही.

उशिरा आत बोलावलं. मी बोलणार होते, पण सोमाबाबाच पुढे झाले. त्यांनी काही मागितलं नाही. भागी कशी होती ते सांगू लागले. नागलीची भाकरी कशी करायची, डोंगरावर कुठली भाजी कधी मिळते हे तिला कसं माहीत होतं. साहेब मधेच तोडतील असं मला वाटलं. त्यांनी तोडलं नाही. मग बाबा म्हणाले, "पत्रा धरला. तरी तिच्या अंगावर पानी पडलाच." आणि पट्टी बांधलेले हात त्यांनी टेबलावर ठेवले.

माणूस येऊन जागा मोजून गेला आहे. शेड अजून नाही. होईल असं सगळे म्हणतात. मी तुझ्यासारखं छातीठोक सांगू शकत नाही.

मी त्यांना पोचवायला हरसूलपर्यंत बसनं गेले. बाया दमून झोपल्या होत्या. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, हे असं जायचं कोनी शिकवलं? आणि मग मी सगळं सांगितलं. फाटक, बांध, ट्रॉली, बर्फ, फोटोवाला. एवढं सलग मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्र्यंबक मागे पडलं, गाडी चढाला लागली तरी मी बोलतच होते.

बाबांनी विचारलं, "रस्ता झाला ना?"

"झाला."

"अन् ती बाई? नंतर आली का तुझ्या आईकडं?"

"दर आठवड्याला. शेवटपर्यंत."

"मंग तिला ठावं होतं," ते म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तुझा इतका राग आला की मी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले. आईला विचारायला हवं होतं हे ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस? एवढ्या सभा गाजवल्यास, एका बाईपुढे एक वाक्य बोलता आलं नाही तुला? भाकरीत मीठ कमी घाल म्हणे. शेंगा फोडत बसलीस जन्मभर.

घरी आले तर आई जागी होती. मी तिला बाबांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "मलाबी ठावं होतं."

"काय?"

"तिला ठावं हाय ते."

मी म्हटलं, मग तू तरी तिला कधी का नाही विचारलंस?

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गातल्या पोरासारखं काहीतरी विचारलं. "ती येत होती ना," ती म्हणाली.

तुमचं दोघींचं तेवढ्यावर भागलं, आक्का. माझं भागत नाही. शनिवारी पुन्हा पाड्यावर जाते आहे. आईला विचारलं, येतेस का. गुडघे धरून उठली आणि चपला शोधायला लागली.

तुझी,
रंजना